कानाने सोने शोधणारे

आमच्या गावातल्या सराफ गल्लीत पहाटे सगळ्यांत आधी झाडू वाजायचा, तो झारेकऱ्याचा. दुकानं उघडण्यापूर्वी तो पायऱ्यांखालची, गटाराच्या काठची माती गोळा करायचा. सोनाराच्या कानशीखालून, भट्टीतून, अंगावरच्या कपड्यांवरून सांडलेले सोन्याचे कण त्या मातीत असतात. ती माती पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायची, हलकं ते वाहू द्यायचं, जड ते तळाशी राहू द्यायचं आणि शेवटी पारा घालून कण धरायचे, असा हा पिढीजात धंदा. महाराष्ट्रात तो करणारी बरीच घरं मुसलमानांची. आमच्या शेजारचे एक चाचा त्यांतलेच.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. चाचांनी मला मातीतले खिळे आणि काचा वेचायला बसवलं होतं. एक काळा खरखरीत खडा हाती आला. कोळसा समजून मी तो गटारात भिरकावला. चाचा रागावले नाहीत. उठले, गटारात हात घालून खडा शोधून आणला आणि दगडावर ठेवून फोडला. तो फुटक्या मुशीचा तुकडा होता आणि आत मोहरीएवढा पिवळा थेंब होता. "बेटा, फेकायच्या आधी फोडून तरी बघायचं," एवढंच ते म्हणाले.

हे सगळं आठवलं ते माझ्या भाच्यामुळे. तो नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला असतो. एका रात्री त्याचा फोन आला, "मामू, इथे सुट्टीच्या दिवशी लोक यंत्र घेऊन सोनं शोधायला जातात. मलाही जायचंय. पण चांगलं यंत्र फार महाग आहे. घेऊ का?" मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. यंत्राचं मला काय विचारतोस, असं म्हणून फोन ठेवला खरा, पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. वाचत गेलो, तेव्हा कळलं की या यंत्राची पहिली गाजलेली गोष्ट सोन्याची नाहीच, बंदुकीच्या गोळीची आहे.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून शिरून आत कुठेतरी अडकली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मदतीला धावले. तारेच्या वेटोळ्यांतून वीज खेळवायची. जवळ धातू आला की त्यांचा तोल बिघडतो आणि कानाशी धरलेल्या रिसीव्हरमध्ये आवाज उमटतो, असं उपकरण त्यांनी बनवलं. आजच्या मेटल डिटेक्टरचं मूळ तत्त्व तेच. वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात आणि तेच आपली चाहूल वेटोळ्याला परत देतात.

बेल दोनदा व्हाइट हाऊसमध्ये गेले. पण प्रमुख डॉक्टर ब्लिस यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, की गोळी उजव्या बाजूला आहे. तेवढीच बाजू त्यांनी तपासू दिली. त्यात पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारांनी आणखी घोळ घातला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. न धुतलेल्या हातांनी जखम चाचपल्यामुळे झालेल्या जंतुसंसर्गाने त्यांचा घात केला, असं आज मानलं जातं. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली.

पुढचा टप्पा गेरहार्ड फिशर यांचा. जर्मनीहून अमेरिकेत आलेला हा इंजिनिअर विमानांना दिशा सांगणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर काम करत होता. जवळपास धातू किंवा खनिजांचे साठे असले की यंत्रणा दिशा चुकते, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने त्या चुकीचाच उपयोग करून जमिनीतला धातू शोधणारं यंत्र बनवलं. १९३७ साली त्याला पेटंट मिळालं.

मग महायुद्ध आलं. स्कॉटलंडमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सैन्यातल्या युझेफ कोसात्स्की नावाच्या अधिकाऱ्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात हातात धरून चालवता येणारा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ साली अल अलामीनच्या लढाईत अशी ५०० यंत्रं वापरली गेली. वाळवंटातले सुरुंग काढण्याचा वेग तासाला सुमारे १०० चौरस मीटरवरून २०० वर गेला. कोसात्स्कींनी पेटंट घेतलं नाही. शोध ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. राजे सहावे जॉर्ज यांचं आभाराचं पत्र तेवढं मिळालं. घरची माणसं नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये असल्याने त्यांचं नावही गुप्त ठेवावं लागलं. युद्धानंतर सैन्याची उरलेली यंत्रं बाजारात आली आणि काही सोनं शोधणाऱ्यांच्या हाती पडली.

सोन्याची गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियात रंगली. तिथल्या व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ साली सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. १८६९ मध्ये मोलियागुल गावाजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना ७० किलोहून जड सोन्याचा गोळा मिळाला, तोही जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर. तराजूवर मावेना म्हणून तो ऐरणीवर फोडावा लागला. इतकं वर असलेलं सोनं मागच्यांनी वेचून नेलं असेल, असं वाटेल. पण हजारो माणसं ज्यावरून चालत गेली, अशा मातीत बरंच काही उरलं होतं.

अडचण होती ती तिथल्या लाल मातीची. तिच्यात लोहखनिज इतकं, की यंत्र सारखंच ओरडायचं. मातीचा हा गलका वजा करून ऐकण्याची सोय झाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोन्याची दुसरी धाव सुरू झाली. सप्टेंबर १९८० मध्ये किंगोवर इथे केविन हिलियर यांना गॅरेट कंपनीच्या यंत्राने २७.२ किलोचा गोळा सापडला. तो फूटभर खोलीवर उभा रुतलेला होता. मेटल डिटेक्टरने मिळालेलं एवढं मोठं सोनं आजवर दुसरं नाही.

१९८५ साली ॲडलेडमध्ये मायनलॅब कंपनी निघाली. तिथले शास्त्रज्ञ ब्रूस कँडी यांनी निराळा मार्ग धरला. सतत वीज खेळवण्याऐवजी तिचे झटके द्यायचे आणि प्रत्येक झटक्यानंतर वेटोळं गप्प करून कान द्यायचा. मातीचा प्रतिसाद वेगळ्या तऱ्हेने विरतो, सोन्याचा वेगळ्या. तो फरक टिपायचा. १९९५ साली या तत्त्वावरचं एसडी-२००० यंत्र आलं आणि लोकांनी 'संपलं' म्हणून सोडलेल्या जागांतून पुन्हा सोनं निघू लागलं. २०१५ मध्ये आलेल्या जीपीझेड-७००० ची किंमत दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात होती.

भाच्याने जुनं, वापरलेलं यंत्र घेतलं. आधी सरकारी परवाना काढला. त्याला तिथे 'मायनर्स राइट' म्हणतात. १८५४ साली बॅलरॅटच्या युरेका छावणीत परवान्याच्या जाचक शुल्काविरुद्ध सोनं खणणाऱ्यांनी बंड केलं, रक्त सांडलं, आणि पुढच्याच वर्षी हा स्वस्तातला हक्क मिळाला.

यंत्र निवडताना तो काय शिकला, ते त्याने मला सांगितलं. सोनं शोधायचं यंत्र सगळ्यांत आधी माती सोसणारं हवं. मोठं वेटोळं खोलवर पोचतं, पण बारीक कण सोडून देतं. लहान वेटोळं बारीक कण धरतं, पण उथळ. पायात लोखंडी टोकाचे बूट नकोत, खिशातला मोबाइल बंद हवा. वेटोळं जमिनीलगत आणि अगदी सावकाश फिरवायचं. आणि हेडफोन हवेतच, कारण खोलवरचं सोनं ओरडत नाही. कानात चाललेली संथ गुणगुण किंचित हलते, इतकंच.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. पुष्कळ यंत्रांत 'डिस्क्रिमिनेशन' नावाची सोय असते. ती चालू केली की लोखंड, चांदीचा कागद, असा नको तो ऐवज यंत्र परस्पर गाळून टाकतं. नवखा माणूस खूश होतो. पण लहान सोन्याचा आवाज नेमका त्या कागदासारखाच असतो. कचऱ्याबरोबर सोनंही गाळलं जातं. म्हणून जाणकार ती सोय बंद ठेवतात आणि लागेल तो प्रत्येक आवाज खणून बघतात.

हा इंग्रजी शब्द मला वेगळ्या अर्थाने ठाऊक होता. तरुणपणी शहरात भाड्याची खोली शोधत फिरत होतो. एका घरी सगळं ठरलं, चहा झाला, मग त्यांनी पूर्ण नाव विचारलं. नाव सांगितलं आणि खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघाली. त्या घरमालकाला मी कसा माणूस आहे, हे कधीच कळलं नाही.

हे ऐकून आपल्याकडे कुणाला गुप्तधनाची स्वप्नं पडू नयेत, म्हणून सांगतो. कोलारचं सोनं खडकात बारीक कणांनी पसरलेलं. त्यामागे माणसं तीन किलोमीटरहून खोल उतरली आणि २००१ साली ती खाण बंद झाली. तिथे हातातलं यंत्र काय करणार? दहा रुपयांहून अधिक किमतीचं दडलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं १८७८ चा कायदा सांगतो. संरक्षित गडकिल्ल्यांवर खणणं तर गुन्हाच.

भाच्याचे पहिले अकरा रविवार खिळे, छर्रे आणि डब्यांची झाकणं वेचण्यात गेले. बाराव्या रविवारी कानातली गुणगुण जराशी हलली. खिळाच असणार म्हणून तो चार पावलं पुढे गेला. मग परत फिरला आणि खणलं. गव्हाच्या दाण्याएवढं सोनं. यंत्राची किंमत त्यातून निघायची नाही. त्याने फोटो पाठवला. तळहातावर तो दाणा आणि शेजारी दिवसभरात निघालेले एकतीस गंजके खिळे.

"खिळे कशाला आणलेस रे?" मी विचारलं.

"मामू, खड्डे बुजवायचे आणि खिळे घेऊन यायचे, अशी इथली रीत आहे," तो म्हणाला. "मागून येणाऱ्याला ते पुन्हा खणायला लागू नयेत."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)