आपल्या शेजारची टेकडी : बेलापूरचा किल्ला



मुले विचारतात, "आपल्या गावाचा इतिहास काय?" सीवूड्समध्ये राहणाऱ्या आईला पटकन उत्तर सुचत नाही. सिडकोची स्थापना १९७० ची, नवी मुंबई त्यानंतरची. मग आपण रायगड, शिवनेरीच्या गोष्टी सांगतो. पण पामबीच रस्ता बेलापूरला जिथे संपतो, तिथे महापालिकेच्या मोठ्या इमारतीजवळ एक लहानशी टेकडी आहे. तिच्यावर बेलापूरचा किल्ला आहे, म्हणून त्या वस्तीला किल्ले गावठाण म्हणतात. महापालिकेच्या पत्त्यातही हेच नाव येते.

इतक्या छोट्या टेकडीवर किल्ला कशाला? कारण आहे पाणी. पूर्वी माल रस्त्याने कमी, होड्यांनी जास्त जाई. पनवेल हे त्या काळचे बंदर, आणि तिकडे जाणारी खाडी या टेकडीवरून नजरेत राही. ज्याची टेकडी, त्याचा खाडीवर वचक.

हा किल्ला १५६० ते १५७० च्या सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दींनी बांधला असे सांगतात. तेव्हा या भागाला शहाबाज म्हणत. त्या नावाचे गाव अजून जवळच आहे. पुढे सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्यात या मुलखासाठी ओढाताण झाली. १७३० च्या दशकात चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन, असा नवस अप्पांनी केला होता आणि त्यावरून बेलापूर नाव पडले, अशी आख्यायिका आहे.

किल्ल्यावर प्रत्येकी १८० माणसांच्या चार तुकड्या आणि १४ तोफा असत, असे सांगितले जाते. म्हणजे ७२० माणसे! आपल्यासारख्या बायकांच्या मनात आधी हेच येणार, की एवढ्यांना रोजचे पिण्याचे पाणी आणि धान्य कोण पुरवत असेल? टेकडीखालच्या गावांशिवाय हे शक्य नव्हते. इतिहासात सरदारांची नावे राहतात, पाणी भरणाऱ्यांची राहत नाहीत.

२३ जून १८१७ ला कॅप्टन चार्ल्स ग्रे याने किल्ला ईस्ट इंडिया कंपनीसाठी घेतला. मराठ्यांनी पुन्हा उभे राहू नये म्हणून इंग्रजांनी त्याची पाडापाड केली. आज उरले आहेत बुरुजाचे आणि भिंतींचे अवशेष. टेकडीवर गोवर्धनी मातेचे मंदिर आहे, तिथे गावकऱ्यांची वर्दळ असते. या टेकडीची आठवण खरी त्यांनीच जपली. सीवूड्स-दारावे स्थानकाच्या नावातले दारावेही असेच आपल्या आधीचे गाव आहे.

आपण इथे घर घेतले, मुले इथेच वाढली. मग हे अवशेष आपलेही झाले. चातुर्मासात गवत आणि जीवजंतू असतात, तेव्हा नको. कार्तिकी पौर्णिमेनंतर एखाद्या रविवारी मुलांना सकाळीच घेऊन जा. दगडावर नाव कोरू देऊ नका, प्लास्टिक टाकू देऊ नका. आणि गावठाणातली एखादी आजी भेटली, तर जुन्या गोष्टी जरूर विचारा. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असेल.