अराजक नेमके कोणाचे?

'अराजक' म्हणजे राजा नसणे, सत्तेचा धाक नसणे. लोक रस्त्यावर उतरले की राज्यकर्त्यांच्या तोंडी पहिल्यांदा येतो तो हाच शब्द. दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज कवीने हा शब्द राज्यकर्त्यांच्या हातून काढून घेतला आणि त्यांच्याच कपाळी लावला. तो कवी म्हणजे पर्सी बिश शेली आणि ती कविता म्हणजे 'द मास्क ऑफ अनार्की'. ही कविता का लिहिली गेली आणि ती कशी वाचावी, याविषयी आज थोडे बोलू.

साल १८१९. आपल्याकडे शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढून पावणेदोन वर्षे होत आली होती. पेशवाई बुडाली होती. इंग्रजांचे राज्य म्हणजे शिस्त आणि कायदा, असे इथे पुष्कळांना वाटू लागले होते. पण त्याच इंग्रजांच्या घरी त्या वेळी काय चालले होते? वॉटर्लूची लढाई जिंकून चार वर्षे झाली होती. लढाई संपताच बेकारी वाढली. हातमागावरच्या विणकरांची मजुरी घसरत गेली. त्यातच जमीनदारांचे हित जपण्यासाठी १८१५ साली परदेशी धान्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला होता, त्यामुळे भाकरी महाग होती. याची दाद मागायची कुठे? मँचेस्टर हे कापडधंद्याचे मोठे शहर, पण संसदेत त्याचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. उलट ओल्ड सेरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीला दोन प्रतिनिधी होते! अशा जागा जमीनदारांच्या खिशात असत आणि त्यांची उघड खरेदी-विक्री होई.

सोमवार, १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर मताधिकाराच्या मागणीसाठी सभा भरली. सुमारे साठ हजार लोक जमले. आसपासच्या गावांतून ते वाजतगाजत, ठेवणीतले कपडे घालून, बायका-मुलांसह चालत आले होते. कोणी शस्त्र आणू नये, असे संयोजकांनी बजावले होते. मैदानालगतच्या एका घरातून दंडाधिकारी पाहत होते. प्रमुख वक्ते हेन्री हंट बोलू लागताच त्यांनी अटकेचा हुकूम सोडला. हुकूम बजावायला धावली ती स्थानिक दुकानदार-व्यापाऱ्यांची हौशी घोडेस्वार पलटण. तलवारींना आधीच धार लावलेली होती. गर्दीत घोडे अडकले आणि तलवारी चालू लागल्या. मागोमाग लष्करी घोडदळही आले. पंधरा ते अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. पहिला बळी दोन वर्षांच्या मुलाचा होता. मैदानाकडे दौडणाऱ्या घोडेस्वाराच्या धक्क्याने तो आईच्या हातून खाली पडला होता. मृतांमध्ये वॉटर्लूला लढलेला जॉन लीज नावाचा एक माजी सैनिकही होता. 'मँचेस्टर ऑब्झर्व्हर' या पत्राने वॉटर्लूची आठवण देत या प्रकाराला उपरोधाने 'पीटरलू' म्हटले, आणि तेच नाव कायम झाले.

सरकारने काय केले? गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांनी युवराजांच्या वतीने दंडाधिकाऱ्यांचे आभार मानले. हेन्री हंट यांना अडीच वर्षांचा तुरुंगवास झाला. वर्षअखेर सहा नवे कायदे आले. सभांवर बंधने पडली, स्वस्त वृत्तपत्रांवर कर बसला.

शेली तेव्हा इटलीत लिव्होर्नोजवळ राहत होता. वय सत्तावीस. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला ही बातमी कळली आणि महिना संपायच्या आत त्याने ९१ कडव्यांची ही कविता इंग्लंडला पाठवली. भाषा मुद्दामच सोपी ठेवली, बाजारात विकल्या जाणाऱ्या पोवाड्यांसारखी. ती विद्वानांसाठी नव्हती, मैदानावर जमलेल्या माणसांसाठी होती.

कवितेच्या नावातच तिचा अर्थ लावण्याची किल्ली आहे. इंग्रजीत 'मास्क' या उच्चाराचे दोन अर्थ होतात. एक मुखवटा. दुसरा, पूर्वी राजदरबारी होणारा सोंगांचा खेळ. त्या खेळात आधी गोंधळ घालणारी सोंगे येत आणि मग राजाच्या तेजापुढे ती पळून जात, म्हणजे राजा आला की सुव्यवस्था आली. शेलीने हा खेळ उलटा केला. त्याच्या मिरवणुकीत आधी हत्या येते, तिच्या तोंडावर परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांचा मुखवटा. मग लबाडी येते, ती लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांच्या झग्यात. हे एल्डन न्यायासनावर बसून रडण्याबद्दल प्रसिद्ध होते. कवितेत त्यांचे अश्रू जात्याच्या तळ्या होतात आणि ते हिरे समजून खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यावर पडतात. याच एल्डन यांनी १८१७ साली शेलीच्या दोन मुलांचा ताबा त्याला नाकारला होता, हे ठाऊक असले की ओळीतली जखम कळते. मग सिडमथ यांच्या रूपात ढोंग येते, मगरीवर बसून. सगळ्यांच्या शेवटी, रक्त उडालेल्या पांढऱ्या घोड्यावर अराजक येते. त्याच्या डोक्यावर मुकुट आणि हातात राजदंड आहे. देव, राजा आणि कायदा हे तिन्ही आपणच, असा त्याचा दावा आहे. वकील आणि धर्मगुरू त्याला मुजरा करतात आणि ते पगारी संसदेला भेटायला निघते.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. मंत्र्यांनी हत्येचा मुखवटा घातला आहे, असे शेली म्हणत नाही. हत्येने मंत्र्याचा मुखवटा घातला आहे, असे तो म्हणतो. म्हणजे माणूस हे नुसते सोंग आहे, खरी आहे ती वृत्ती. सोंग उतरले तरी ती दुसरे तोंड शोधते. कॅसलरे १८२२ साली गेले, पण मुखवट्यामागचे काही संपले नाही. म्हणूनच या कवितेत नावे असूनही ती नावांपुरती राहिली नाही. भ्रष्ट नेता बदलला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांना ती आजही टोचते.

मग लोकांनी करायचे काय? पुन्हा जमावे आणि शस्त्राला शस्त्राने उत्तर देऊ नये, असे कवी सांगतो. हाताची घडी घालून, मारणाऱ्याकडे पाहत शांत उभे राहावे. मारणारे शेवटी आपल्याच लोकांत तोंड दाखवू शकणार नाहीत. आपल्याला हे वाचताना १९३० सालचा धारासणाचा मिठाचा सत्याग्रह आठवतो, लाठ्या खाणाऱ्या आणि हातही न उचलणाऱ्या स्वयंसेवकांच्या रांगा आठवतात. पण एक प्रश्न उरतोच. पीटरलूच्या घोडेस्वारांना खरोखर लाज वाटली का? १८२२ साली त्यांच्यावर झालेल्या दाव्यात निकाल त्यांच्याच बाजूने लागला. इटलीत बसून दुसऱ्यांना वार झेलायला सांगणे सोपे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

कवितेचे नशीबही काही वेगळे नव्हते. शेलीने ती संपादक-मित्र ली हंट यांच्याकडे पाठवली होती. सभेतले हेन्री हंट वेगळे, हे वेगळे. युवराजांवर टीका केल्याबद्दल या ली हंट यांनी पूर्वी दोन वर्षे तुरुंग भोगला होता. त्यांनी कविता छापली नाही. ज्यांच्यासाठी ती लिहिली, त्यांनी ती तेव्हा वाचलीच नाही. १८२२ साली शेली समुद्रात बुडून मेला. कविता छापली गेली १८३२ साली, मताधिकार सुधारणेचा कायदा झाला त्या वर्षी. त्या कायद्याने मँचेस्टरला दोन प्रतिनिधी मिळाले, पण मैदानावर आलेल्या बहुतेक मजुरांना मत मिळाले नाही. त्यासाठी झालेल्या चार्टिस्ट चळवळीच्या काळात मात्र ही कविता कामगारांच्या हाती पोहोचली.

तेव्हा कवितेने सत्ता उलथते, असे काही या हकिकतीवरून सिद्ध होत नाही. तिने केले ते एवढेच, की सरकारने ज्याला दंगल म्हटले, त्याला दंगल म्हणून इतिहासात जाऊ दिले नाही. मँचेस्टरमध्ये २०१९ साली, दोनशे वर्षांनी, त्या मृतांचे स्मारक उभे राहिले. त्यावर नावे आहेत ती मेलेल्या माणसांची. कोणी 'अराजक, अराजक' म्हणून ओरडू लागला, की त्या दिवशी मैदानावर तलवार कोणाच्या हातात होती आणि मूल कोणाच्या हातून पडले, एवढे आठवावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)