सेवा क्षेत्रातील श्रम मोजायचे कसे?

कामगाराची स्पर्धाक्षमता मोजण्याची रूढ कसोटी म्हणजे एकक श्रमखर्च. मजुरीला उत्पादकतेने भागून तो काढतात. त्यामुळे केवळ मजुरी स्वस्त असणे पुरेसे नाही. कारखान्यात नग मोजता येतात. परिचारिका वा शिक्षकाच्या कामाचे नग कसे मोजणार?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आला. त्याच्या ४९ निर्देशकांत आर्थिक समावेशन व कौशल्यविकास यांना मिळून भार अवघा १० टक्के. कौशल्याच्या रकान्यात प्रमाणपत्रे, शिकाऊ उमेदवारी व मिळालेला रोजगार मोजला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात रुग्णाशी भिली वा पावरीत बोलू शकणाऱ्या परिचारिकेचे कसब मात्र त्यात नोंदवले जात नाही.