पाऱ्याच्या झडपेची गोष्ट

गॉटलँड हे स्वीडनचे भर समुद्रातले बेट. तिथे मुख्य भूमीची वीज न्यायची कशी? आपल्या घरातली वीज क्षणोक्षणी दिशा बदलते. पाण्याखालच्या लांब केबलीत तिची कुवत केबल भरण्या-उपसण्यातच संपते. म्हणून ती एकदिश करून पाठवायची आणि बेटावर पुन्हा पूर्ववत करायची. त्यासाठी हवी पाऱ्याची झडप, म्हणजे वीज एकाच बाजूला जाऊ देणारे निर्वात भांडे. पण दाब वाढला की ते मधूनच उलटे पेटे, अन् सारा कारभार ठप्प! ऊनो लाम यांनी आत जादा विद्युत्-अग्रे बसवून दाब पायरीपायरीने वाटला. युक्ती १९२९ची, ती भरवशाची व्हायला पंचवीस वर्षे गेली! १९५४ साली ९८ किलोमीटर केबलीतून २० मेगावॅटची वाट खुली झाली. केबल एकच, परतीचा प्रवाह चक्क समुद्राच्या पाण्यातून!