एकदंताच्या दारी जिभेची गोष्ट

आपले आराध्य दैवत एकदंत. त्याच्या उत्सवात दातांविषयी लिहिणे म्हणजे धाडसच. पण आजचा विषय दातांच्या शेजारणीचा, म्हणजे जिभेचा आहे.

बोलताना जीभ कुठे टेकते याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन. शिक्षाग्रंथांनी तालव्य, मूर्धन्य, दंत्य अशी वर्णांची स्थाने ठरवली. कोलकात्यातील मराठी घरांत तर याचा रोज प्रत्यय येतो. बंगालीत 'ळ' नाही. म्हणून इथे लोकमान्य टिळकांचे 'तिलक' झाले, आणि आपली मुलेही शाळेतून येऊन 'केळी'ला 'केली' म्हणतात. जीभ वर वळवून 'ळ' म्हणायला आजीच शिकवते.

पण आपण गप्प असताना जीभ कुठे असावी? हा प्रश्न विज्ञानाला बऱ्याच उशिरा पडला. 1868 साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी नाकामागे वाढणाऱ्या ॲडेनॉइड गाठींचे वर्णन केले. नाक चोंदले की मूल तोंडाने श्वास घेते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. पुढे 1918 मध्ये अमेरिकेतील बोस्टनचे दंतवैद्य आल्फ्रेड रॉजर्स यांनी दात सरळ करण्याच्या उपचारांत स्नायूंच्या व्यायामाचा आग्रह धरला.

योगायोग असा, की त्याच काळात त्याच बोस्टनमध्ये, मुलांसाठी काढलेल्या फोर्सिथ दंतरुग्णालयात एक बंगाली तरुण काम करीत होता. ते डॉ. रफीउद्दीन अहमद. मायदेशी परतून त्यांनी 1920 साली कोलकात्यात भारतातले पहिले दंतमहाविद्यालय काढले. पैसा कुठून आणला? 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाच्या स्वतःच्या दुकानातून! गोड विकून दातांचे शिक्षण देण्याचा हा प्रकार वाचून हसू येते, आणि हात आपोआप जोडले जातात. 1925 मध्ये त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले. 1949 मध्ये महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन केले. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. इथेच शिकलेल्या फातिमा जिना यांनी 1923 मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावरील ही संस्था आज डॉ. अहमद यांचेच नाव मिरवते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. ओठ मिटलेले, श्वास नाकाने, आणि जीभ वरच्या पुढील दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकलेली, ही तिची विश्रांतीची जागा. वाढत्या वयात बाहेरून गालांचा दाब आणि आतून जिभेचा आधार, यांच्या तोलावर दातांची कमान घडते. तोंड सतत उघडे राहिले की जीभ खाली उतरते; टाळू अरुंद व उंच होण्याचा आणि दातांची दाटी होण्याचा संभव वाढतो. लाळ सुकते, हिरड्या सुजतात, कीड लागते. 1978 मध्ये विल्यम प्रॉफिट यांनी दाखवून दिले, की गिळताना पडणाऱ्या क्षणभराच्या दाबापेक्षा तासन् तासांचा हलका दाब अधिक परिणाम करतो.

2009 साली ब्राझीलमध्ये मध्यम स्वरूपाच्या निद्राश्वासरोधाच्या 31 रुग्णांवर प्रयोग झाला. जीभ व घशाचे व्यायाम तीन महिने करणाऱ्यांत झोपेतील श्वास अडण्याचे प्रमाण तासाला सुमारे 22 वरून 14 वर आले. लाभ खरा, पण आजार संपला नाही. 'जीभ टाळूला लावा, जबडा बदलेल' अशा मोठ्यांना दिल्या जाणाऱ्या आश्वासनांना मात्र भक्कम पुरावा नाही.

तेव्हा पालकहो, आज रात्री झोपलेल्या मुलाकडे एकदा निरखून पाहा. तोंड उघडे आहे का? घोरते का? असल्यास 'तोंड मीट' म्हणून रागावू नका. चोंदलेल्या नाकाने बिचारे करणार काय! आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, मग दंतवैद्याला. 'ळ' शिकवायला आजी आहे. मिटल्या ओठांआडची जीभ मात्र आपणच पाहायची.

गणपती बाप्पा मोरया!