व्यायामातील कालबचतीचा इतिहास : औंधच्या सूर्यनमस्कारांपासून तबाता पद्धतीपर्यंत

प्रस्तावना :

नियमित व्यायाम का होत नाही, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर एकच असते, ते म्हणजे 'वेळ मिळत नाही'. आधुनिक जिममधील कमी वेळाच्या व्यायामप्रकारांचा जन्मही याच तक्रारीतून झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि ही तक्रार जिमइतकी नवी नाही. घड्याळाच्या काट्यांशी बांधलेले जीवन सुरू झाले, तेव्हापासून ती ऐकू येते आणि तिच्यावरील उपायांचाही शंभर वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे.

व्यायामासाठी लागणाऱ्या वेळाचे अनेक घटक असतात. व्यायामाच्या जागी जाणे-येणे, साधनांची मांडामांड, प्रत्यक्ष आवर्तने, मधली विश्रांती आणि नंतरचा विसावा हे त्यांतील प्रमुख होत. वेळ वाचविण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक पद्धतीने यांपैकी कोणत्या तरी घटकाला कात्री लावली. ती नेमकी कशाला लावली आणि तिचा लाभ कोणाला झाला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. तालीम : संपूर्ण दिवसाचा व्यायाम

महाराष्ट्रातील पारंपरिक व्यायामाचे केंद्र म्हणजे तालीम. हौद्यातील तांबडी माती उकरणे, जोर-बैठका, लढती, मालिश, खुराक आणि विश्रांती हे सर्व मिळून पैलवानाचा दिनक्रम बनत असे. व्यायाम हा दिवसातील एक भाग नसून दिवसच व्यायामाभोवती रचलेला असे. असा दिनक्रम परवडण्यासाठी आश्रयदाता आवश्यक होता. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी मल्लांना दिलेला आश्रय आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान यांचा उल्लेख या संदर्भात करावा लागेल. राजाश्रयाने मल्लाच्या खुराकाची सोय होई. अर्थात त्याच्या वेळेचे मोलही त्यातूनच चुकते होई.

कचेरीतील कारकून, शाळेतील विद्यार्थी किंवा गिरणीतील कामगार यांना असा आश्रयदाता नव्हता. त्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा होता. स्त्रियांना तर तालमीचा उंबरठाच ओलांडता येत नसे. म्हणून तालमीची परंपरा समृद्ध असूनही समाजाचा फार मोठा भाग तिच्याबाहेर राहिला.

२. औंधचा प्रयोग : जागा आणि साधने यांची बचत

या पार्श्वभूमीवर औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने, त्याची साधने वापरून, सुमारे दहा वर्षे व्यायाम केला होता. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. सूर्यनमस्कार त्यांनी शोधून काढले नाहीत. नमस्कार घालण्याची चाल महाराष्ट्रात जुनीच होती आणि समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. बाळासाहेबांनी त्या धार्मिक आचाराला निश्चित क्रम असलेल्या, मोजता येण्याजोग्या आणि शिकविता येण्याजोग्या व्यायामाचे रूप दिले. त्यांच्या पद्धतीत एका नमस्कारात दहा स्थिती होत्या. आज बारा स्थितींची पद्धत अधिक रूढ आहे.

या पद्धतीला एक सतरंजीभर जागा पुरे. जोडीदार, वस्ताद, आखाडा, डंबेल्स यांपैकी कशाचीही गरज नाही. शिवाय एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना हात, खांदे, पाठ, पोट आणि पाय अशा शरीराच्या बहुतेक भागांना पाळीपाळीने काम मिळते. प्रत्येक अवयवासाठी वेगळा व्यायाम करावा लागत नाही. बाळासाहेबांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि स्त्रियांनीही ते घालावेत, असा आग्रह धरला. ही बाब केवळ आरोग्यापुरती मर्यादित नव्हती. तालमीत जाऊ न शकणाऱ्या स्त्रीला आणि विद्यार्थ्याला घराच्या माजघरात किंवा शाळेच्या पटांगणात व्यायाम उपलब्ध झाला. या प्रयोगाची वार्ता परदेशातही पोहोचली. लुईस मॉर्गन या पत्रकार महिलेने संपादित केलेले 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे बाळासाहेबांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले.

औंधचा प्रयोग एकाकी नव्हता. डेन्मार्कमधील योर्गेन पेटर म्युलर (१८६६–१९३८) यांनी १९०४ मध्ये 'माझी पद्धती' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून रोज पंधरा मिनिटांचा साधनविरहित व्यायाम मांडला होता. त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले. कचेरीत बसून काम करणारा नवा मध्यमवर्ग युरोपात आणि भारतात जवळपास एकाच काळात वाढत होता व दोन्हीकडे त्याची अडचण सारखीच होती, हे या समांतर घडामोडींतून दिसून येते.

३. आवर्तने आणि विश्रांती यांची बचत

पुढील टप्पा युद्धकालीन रुग्णालयात घडला. शिकागो येथील गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे दुबळे झालेले स्नायू वाढत्या वजनांच्या साहाय्याने बळकट केले आणि १९४५ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. आरंभी ते एकेका व्यायामाची सत्तर ते शंभर आवर्तने करवून घेत. १९४८ मध्ये डीलॉर्म व वॉटकिन्स यांनी वीस ते तीस आवर्तने, म्हणजे दहाचे दोन-तीन सेट, अधिक योग्य असल्याचे नमूद केले. आजही जिममध्ये सर्रास ऐकू येणाऱ्या 'दहाचे तीन सेट' या सूत्राचे मूळ येथे आहे. अधिक म्हणजे उत्तम, हा समज एका वैद्यकानेच स्वतःची पद्धती सुधारून मोडीत काढला.

१९५३ मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात आर. ई. मॉर्गन व जी. टी. अ‍ॅडमसन यांनी 'सर्किट ट्रेनिंग' विकसित केले. महाविद्यालयीन अध्यापकांना ही पद्धती विशेष जवळची वाटावी, कारण मर्यादित तासिकेत अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी व्यायाम देण्याची सोय तिच्यात आहे. व्यायामगृहात क्रमाने केंद्रे मांडली जातात आणि प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या कुवतीनुसार ठरविलेला व्यायाम करून पुढील केंद्राकडे जातो. येथे काटछाट झाली ती विश्रांतीची. हाताचा व्यायाम चालू असताना पायांना आपोआप विसावा मिळतो, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस बिल ऑर्बन यांनी कॅनडाच्या हवाई दलासाठी पुरुषांना रोज अकरा मिनिटे पुरेल असा पाच व्यायामांचा क्रम तयार केला. दूरवरच्या तळांवर व्यायामगृहे नसल्याने तो साधनविरहित ठेवण्यात आला. स्त्रियांसाठीचा क्रम बारा मिनिटांचा होता. म्युलर व बाळासाहेब यांचीच वाट येथे, आवर्तनांच्या कोष्टकांसह, पुन्हा चोखाळली गेली.

४. तीव्रतेचा टप्पा आणि त्याविषयीचा गैरसमज

१९९६ मध्ये जपानी संशोधक इझुमी तबाता व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वेगवान स्केटिंगच्या जपानी संघात वापरल्या जाणाऱ्या सरावपद्धतीची चाचणी त्यांनी तरुण विद्यार्थ्यांवर घेतली. स्थिर सायकलवर वीस सेकंद अतितीव्र श्रम व दहा सेकंद विश्रांती, अशी सात ते आठ आवर्तने होती. दुसऱ्या गटाने मध्यम गतीने एक तास सायकल चालविली. सहा आठवड्यांनंतर मध्यम गटाची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ५ मिलिलिटरने, तर तीव्र गटाची सुमारे ७ मिलिलिटरने वाढली. तीव्र गटाची अ‍ॅनेरोबिक क्षमताही २८ टक्क्यांनी वाढली. मध्यम गटात ती वाढली नाही.

'चार मिनिटांत एका तासाचा व्यायाम' अशी जी जाहिरात पुढे रूढ झाली, ती या निबंधाच्या आधारे. मात्र मूळ प्रयोगातील तीन गोष्टी तीत वगळल्या जातात. सहभागी विद्यार्थी आधीपासूनच सक्रिय व तंदुरुस्त होते; श्रम अखेरीस पूर्ण थकवा आणणारे होते; आणि पाचांपैकी एका दिवशी तीव्र गटालाही अर्धा तास मध्यम व्यायाम करावा लागत असे. थोडक्यात, येथे मिनिटे वाचली ती कष्ट वाढवून. पन्नाशीतील, रक्तदाब असलेल्या व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्याविना या जाहिरातीवर विसंबणे धोक्याचे ठरू शकते.

अलीकडील संशोधनाचा कल अधिक संतुलित आहे. २०२१ मध्ये इव्हर्सन व सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यानुसार वेळ कमी असणाऱ्यांनी अनेक सांध्यांना एकत्र काम देणारे व्यायाम निवडावेत आणि प्रत्येक स्नायुगटासाठी आठवड्याला किमान चार सेट करावेत. दोन व्यायाम आलटून पालटून केल्यास वजन-व्यायामाचा वेळ जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. उठाबशा, दंड यांसारख्या जुन्या प्रकारांत अनेक सांध्यांना एकत्र काम देण्याचे तत्त्व आधीच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत एका वेळी किमान दहा मिनिटे व्यायामाची अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र हालचाल, हे प्रमाण मात्र कायम सुचविले आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, व्यायामातील कालबचत दोन प्रकारची आहे. औंध, लीड्स व कॅनडा येथील पद्धतींनी अनावश्यक अडथळे दूर केले. त्यामुळे व्यायाम करू शकणाऱ्यांची संख्या वाढली. तीव्रतेवर आधारलेल्या पद्धतींनी वेळ कमी केला, पण श्रमाची किंमत वाढविली; ती मूळ रूपात सर्वांना झेपणारी नाही. पहिली बचत समाजाभिमुख आहे, दुसरी मुख्यतः निवडक व तयार शरीरांसाठी आहे. बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात.

महाविद्यालयांच्या दृष्टीने या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. मोठ्या खर्चाचे जिम उभारूनही तासिका, प्रवास आणि घरकाम यांत अडकलेली विद्यार्थिनी तेथे पोहोचत नसेल, तर तिच्यासाठी वेळ वाचलेला नाही. वर्गाशेजारच्या मोकळ्या जागेत, तिच्या सोयीच्या वेळी, वीस मिनिटांचा सुनियोजित व्यायाम तिला मिळाला, तर औंधच्या प्रयोगाचा खरा आशय जपला जाईल. कोणत्याही पद्धतीने किती मिनिटे वाचविली, याबरोबरच ती कोणाची वाचविली, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.