जखमेचा हिशेब : मोटार अपघात भरपाई आणि नाशिक जिल्हा

कसारा घाट चढून इगतपुरीमार्गे नाशिक शहरात शिरणारा आणि पुढे पिंपळगाव, चांदवड, मालेगाव असा धुळ्याकडे जाणारा मुंबई–आग्रा रस्ता, त्याला नाशिक येथे मिळणारा पुणे रस्ता आणि अलीकडे सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून गेलेला समृद्धी महामार्ग यांमुळे नाशिक जिल्हा हा महाराष्ट्रातील रस्तेवाहतुकीचा एक मोठा सांधा बनला आहे. या रस्त्यांवरून सातपूर–अंबडचा कारखान्यातील कामगार जातो, लासलगावच्या बाजारातील हमाल जातो आणि पेठ–सुरगाण्याहून द्राक्षबागांच्या छाटणीसाठी टोळीने निघालेला मजूरही जातो. अपघातात या तिघांच्या शरीराला सारखीच इजा झाली, तरी भरपाईचा आकडा मात्र दीर्घकाळ सारखा निघत नसे, कारण पहिल्याकडे पगाराची चिठ्ठी होती, दुसऱ्याचे नाव माथाडी मंडळाच्या नोंदवहीत असण्याची शक्यता होती आणि तिसऱ्याकडे मुकादमाच्या शब्दाखेरीज काहीच नव्हते. मोटार अपघातातील इजेचे न्याय्य मूल्यमापन कसे घडत गेले याचा इतिहास पाहू गेल्यास तो मुख्यतः याच तफावतीचा आणि ती कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास ठरतो.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या आधीचा आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाल्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८५५ मध्ये, प्राणांतिक अपघातांविषयीचा कायदा झाला. इंग्लंडमधील १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवरील या कायद्याने दुसऱ्याच्या चुकीमुळे मृत्यू आलेल्या व्यक्तीच्या पत्नीला, पतीला, आईवडिलांना व मुलांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. मात्र हा कायदा केवळ मृत्यूपुरता होता. जो जखमी होऊन जिवंत राहिला त्याला अपकृत्याच्या तत्त्वावर, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याने आपल्या निष्काळजीपणाने केलेले नुकसान भरून दिले पाहिजे या तत्त्वावर, दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरावी लागे आणि समोरच्याची चूक साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागे. ज्याची मिळकतच अपघाताने थांबली आहे त्याला हा मार्ग व्यवहारात बहुधा बंदच होता.

इजेला निश्चित दर ठरवून देण्याचा पहिला व्यापक प्रयोग रस्त्यावर झाला नाही, तो कारखान्यांसाठी झाला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांची एक यादी देऊन प्रत्येक अवयव गमावल्यास कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली असे मानावे हे ठरवण्यात आले. अंगठा गेल्यास ३० टक्के, हाताचा पंजा गेल्यास ६० टक्के अशा प्रकारची ही कोष्टके होती. कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागू नये आणि हिशेब लवकर व्हावा हा त्यामागचा हेतू होता, आणि तो रास्तही होता. परंतु अवयवाचा टक्का म्हणजेच कमाईचा टक्का ही समजूत या परिशिष्टातून वैद्यकीय दाखल्यांत आणि पुढे मोटार अपघातांच्या दाव्यांतही रुजली, आणि ती दूर सारण्यास न्यायव्यवस्थेला अनेक दशके लागली.

मोटारींसाठी १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले आणि तेव्हापासून त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे वाहनाच्या धडकेने तिसऱ्याच माणसाला झालेल्या नुकसानीची जबाबदारी विमा कंपनीने उचलण्याची व्यवस्था, प्रत्येक वाहनमालकावर बंधनकारक झाली. देणारा सधन पक्ष अशा रीतीने निर्माण झाला, तरी मागण्याचे ठिकाण जुने दिवाणी न्यायालयच राहिले. ती उणीव १९५६ च्या दुरुस्तीने भरून काढली. या दुरुस्तीने मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाची, म्हणजे केवळ अशाच दाव्यांसाठी नेमलेल्या आणि दिवाणी न्यायालयाच्या तांत्रिक काटेकोरपणातून बऱ्याच अंशी मोकळ्या असलेल्या न्यायपीठाची, तरतूद केली. जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाचे अधिकारी हे काम पाहतात, आणि नाशिक जिल्ह्यात नाशिकबरोबरच निफाड व मालेगाव येथेही असे दावे चालतात. न्यायाधिकरणाला जी रक्कम न्याय्य वाटेल ती त्याने द्यावी, एवढेच कायद्याने सांगितले. न्याय्य म्हणजे किती, हे मात्र सांगितले नाही. पुढील साठ-सत्तर वर्षांचा सारा न्यायनिर्णयांचा प्रवाह या एका मोकळ्या जागेतून निघाला आहे.

आरंभीच्या काळात ही जागा प्रत्येक न्यायाधीश आपापल्या अंदाजाने भरत असे, आणि त्यामुळे सारख्याच इजेला दोन ठिकाणी दोन वेगळ्या रकमा मिळत. चूक सिद्ध करण्याची अटही कायम होती. १९८२ च्या दुरुस्तीने तिच्यात पहिली फट पाडली. चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये तातडीने देण्याची व्यवस्था झाली, आणि वकिलीच्या भाषेत तिला ‘नो फॉल्ट’ची रक्कम असे नाव रूढ झाले. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला तेव्हा या रकमा २५,००० व १२,००० झाल्या आणि १९९४ मध्ये त्या ५०,००० व २५,००० पर्यंत गेल्या. १९९४ च्याच दुरुस्तीने जखमी व्यक्तीला ती राहते त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा दाखल करण्याची मुभा दिली, त्यामुळे ठाणे जिल्ह्यात अपघात झालेल्या नाशिककराला दर तारखेला तिकडे जाण्याची गरज उरली नाही.

त्याच वर्षी कायद्याला दुसरे परिशिष्ट जोडण्यात आले. वय आणि वार्षिक उत्पन्न यांच्या उभ्या-आडव्या रकान्यांतून भरपाईचा आकडा थेट वाचता यावा, अशी ही रचना होती. जो कमावत नाही त्याचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये मानावे आणि परिशिष्टाचा लाभ वार्षिक ४०,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नालाच मिळावा, अशा मर्यादा तिच्यात होत्या. दोनच वर्षांत, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्या कोष्टकातील आकडेमोडीतच चुका असल्याचे दाखवून दिले आणि त्याकडे केवळ मार्गदर्शक म्हणून पाहावे असे सांगितले. तरीही परिशिष्ट जागचे हलले नाही. महिन्याला साडेतीन हजारांहूनही कमी भरणारी ती उत्पन्नमर्यादा २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षे, तशीच राहिली. दर ठरवून दिल्याने निर्णय लवकर लागतो, पण ते दर महागाईबरोबर वाढवण्याची तरतूद नसेल तर न्याय्य म्हणून सुरू झालेली रक्कम काही वर्षांत नाममात्र होते, हा या परिशिष्टाचा धडा होता.

अंदाजाला शिस्त लावणारे खरे साधन गुणकाची पद्धत हे ठरले. वेल्समधील कोळसा खाण कंपनीविरुद्धच्या एका खटल्यात १९४२ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने मांडलेली ही पद्धत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या आरंभी ठामपणे स्वीकारली. जखमी व्यक्तीचे एका वर्षाचे बुडालेले उत्पन्न काढावयाचे आणि त्याला तिच्या वयानुसार ठरलेल्या एका अंकाने गुणावयाचे, हे तिचे सूत्र होय. हा अंक उरलेल्या कमाईच्या वर्षांपेक्षा लहान असतो, कारण पुढील अनेक वर्षांची मिळकत आज एकरकमी हाती येते आणि तिच्यावर व्याज मिळू शकते. २००९ च्या सरला वर्मा निर्णयाने हे गुणक देशभरासाठी एकसारखे केले : १५ ते २५ या वयोगटाला १८, ३१ ते ३५ ला १६, ४६ ते ५० ला १३ आणि ६५ वर्षांपुढे ५.

गुणक निश्चित झाला, तरी कोणत्या रकमेला गुणावयाचे हा प्रश्न शिल्लक होता. मुंबईतील एका वकिलाच्या कमरेखालचे शरीर निकामी करणाऱ्या अपघातावरील १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे दोन वर्ग पाडले होते. एका वर्गात औषधोपचार, बुडालेली कमाई, ये-जा, मदतनीस असा पैशात मोजता येणारा खर्च येतो. दुसऱ्या वर्गात वेदना, आयुष्यातील सुखांना मुकणे आणि आयुर्मान घटणे अशा ज्या गोष्टींना बाजारात भाव नाही त्या येतात. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निर्णयाने त्यापुढे जाऊन १९२३ पासून चालत आलेली टक्क्यांची समजूत मोडली. डॉक्टर सांगतो तो टक्का एखाद्या अवयवाचा असतो, संपूर्ण शरीराचा नसतो, आणि संपूर्ण शरीराचा टक्का म्हणजेही कमाईतील घट नव्हे. म्हणून जखमी माणूस आधी कोणते काम करीत होता आणि आता त्यातील कोणते करू शकतो हे पाहून ‘कार्यात्मक अपंगत्व’ ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. डावा हात गेलेला सुतार किंवा चालक आपली जवळजवळ सारी कमाई गमावतो, तर सरकारी कचेरीतील कारकुनाची नोकरी टिकू शकते, असे उदाहरणही त्या निर्णयात आहे.

नाशिकच्या संदर्भात या तत्त्वाचा अर्थ एका कल्पित हिशेबातून स्पष्ट होतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करणारा ३२ वर्षांचा मजूर महिन्याला १२,००० रुपये मिळवतो असे मानल्यास त्याचे वार्षिक उत्पन्न १,४४,००० होते. स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगारावरील चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के धरावेत हे तत्त्व २०१७ मध्ये मृत्यूच्या दाव्यांसाठी ठरले आणि २०२० मध्ये इजेच्या दाव्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट झाले, त्यानुसार ही रक्कम २,०१,६०० होते, आणि १६ या गुणकाने ती ३२,२५,६०० वर जाते. मांडवाखाली तासन्‌तास हात वर धरून काम करणाऱ्या या मजुराचा खांदा आखडला आणि संपूर्ण शरीराचे अपंगत्व १५ टक्के ठरले, तर केवळ तो टक्का धरल्यास भविष्यातील कमाईपोटी त्याला ४,८३,८४० रुपये मिळतील. पण छाटणीचे काम त्याला यापुढे जमणारच नाही आणि दुसऱ्या कामात तो निम्म्याहून कमी मिळवील हे पुराव्याने दाखवून कमाईतील घट ६० टक्के मानली गेली, तर तीच रक्कम १९,३५,३६० होते. इजा तीच आणि दाखलाही तोच. फरक पडतो तो कामाचे वर्णन न्यायाधिकरणापुढे किती नेमकेपणाने येते यामुळे. म्हणूनच नुसता अपंगत्वाचा दाखला जोडून भागत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरने साक्षीला येऊन इजेचा त्या विशिष्ट कामावरील परिणाम सांगणे निर्णायक ठरते.

उत्पन्नाच्या पुराव्याबाबत जिल्ह्याची अर्थरचनाच महत्त्वाची ठरली. नाशिकरोडचा सरकारी छापखाना, ओझरचा विमान कारखाना आणि सातपूरची औद्योगिक वसाहत यांनी पगारपत्रक असलेला कामगारवर्ग निर्माण केला. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदीत हमालाच्या मजुरीला मंडळाच्या हिशेबात जागा दिली. शेतकऱ्यापाशी सातबारा उतारा आणि बाजार समितीतील कांदा-टोमॅटोच्या विक्रीच्या पट्ट्या असतात, परंतु जमीन कुटुंबाकडेच राहते म्हणून तिचे सारे उत्पन्न बुडाले असे न मानता त्या व्यक्तीच्या श्रमाचे व देखरेखीचे मोल तेवढे धरावे, असा न्यायालयांचा दृष्टिकोन आहे. कागद नसलेल्यांसाठी २०१४ मधील कर्नाटकातील एका भाजीविक्रेत्याचे प्रकरण महत्त्वाचे ठरले. पाय गमावलेल्या त्या विक्रेत्याकडून उत्पन्नाच्या दाखल्याची अपेक्षा करणेच गैर असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याचे मासिक उत्पन्न ६,५०० रुपये मान्य केले. गृहिणींच्या घरकामाचे मोल २००१ मध्ये जमशेदपूर येथील आगीच्या प्रकरणात दरमहा ३,००० रुपये धरण्यात आले आणि २०२१ मध्ये ते श्रम म्हणूनच मोजले पाहिजेत हे पुन्हा अधोरेखित झाले. जखमी मुलांसाठी २०१३ मध्ये अपंगत्वाच्या प्रमाणानुसार १ लाखापासून ६ लाखांपर्यंतच्या पायऱ्या ठरल्या.

ठरलेली रक्कम हाती पडणे हा मात्र वेगळा प्रश्न आहे. मजुरांच्या टोळ्या पुष्कळदा पिकअपसारख्या मालवाहू वाहनातून जातात, आणि अशा वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. त्यामुळे आदेश वाहनमालकाविरुद्ध होतो आणि मालकाची ऐपत नसेल तर तो कागदावरच राहू शकतो. मोठ्या अपघातांनंतर शासन जाहीर करते ते साहाय्यही या मूल्यमापनाहून वेगळे असते. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिक–औरंगाबाद रस्त्यावर खासगी बस जळाली तेव्हा राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले; अशी रक्कम सानुग्रह, म्हणजे कायदेशीर देणे नसताना शासनाने स्वेच्छेने दिलेली असते, आणि तिच्यात मृताचे वय, कमाई वा अवलंबित यांचा हिशेब नसतो. लोकअदालतीत दावा एका दिवसात मिटतो आणि पैसा लवकर मिळतो, परंतु तिथल्या तडजोडीवर अपील नसल्याने पुढील शस्त्रक्रियेचा किंवा कमाईतील घटीचा अंदाज न घेता केलेली सही कायमची बांधून ठेवते.

२०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून या विषयात लागू झाली आणि तिने ठरावीक रकमेचा मार्ग पुन्हा रुंद केला. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळण्याची सोय तिने केली, पण दावा ठरावीक मुदतीतच दाखल करण्याची, १९९४ मध्ये काढून टाकलेली अट सहा महिन्यांच्या स्वरूपात परत आणली. अडीच लाखांची ही रक्कम किरकोळ हाडमोडीतून बरे झालेल्या नोकरदाराला पुरेशी वाटू शकते, तर वर उल्लेखिलेल्या छाटणीच्या मजुराचा तीत काही महिन्यांचा उपचार आणि वर्षभराची मजुरी एवढेच भागेल. १९२३ चे अवयवांचे परिशिष्ट, १९९४ चे उत्पन्नाचे कोष्टक आणि २०१९ ची ठोक रक्कम या तिन्हींचा ओढा वेगाकडे आहे. न्यायनिर्णयांचा ओढा मात्र त्या-त्या माणसाच्या कामाकडे राहिला आहे. नाशिकसारख्या ज्या जिल्ह्यात उपजीविकेचा मोठा भाग अजूनही पगारपत्रकाबाहेर आहे तिथे दुसराच मार्ग न्याय्यतेच्या जवळ जातो, आणि तो लाभावा यासाठी कामाची, मजुरीची व उपचारांची नोंद अपघाताच्या दिवसापासून जमवणे ही आता दावेदारावर, त्याच्या वकिलावर आणि पंचनामा करणाऱ्या पोलिसांवर सारखीच येणारी जबाबदारी आहे.